मूठभर मीठ आणि तोंग जाकीट

आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी व्याख्यान असतं. वक्ता बहुधा संघातलाच असतो, कारण बाहेरच्याला रिक्षाभाडं द्यावं लागतं. मधुमेह, मृत्युपत्र, गुडघे आणि नर्मदा परिक्रमा हे विषय संपल्यावर माझी पाळी आली. मी एकतीस वर्षं वृत्तपत्रात काढली, त्यातली शेवटची अठरा नाशिकच्या डेस्कवर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका काढणं हे माझं काम होतं. या कामाचा एक दुष्परिणाम असतो. चुका नेहमी दुसऱ्यांच्याच मजकुरात असतात, असं माणसाला हळूहळू वाटू लागतं.

विषय मीच सुचवला : चीनमधल्या अल्पसंख्याक समाजांचे पारंपरिक पोशाख.

संघाच्या अध्यक्षांनी विचारलं, येवल्याची पैठणी हाताशी असताना चीन कशाला? मी म्हणालो, पैठणीवर बोलायला सभागृहातली प्रत्येक बाई माझ्यापेक्षा लायक आहे. चीनवर बोलायला कोणी नाही. हे खरं होतं, आणि विषय निवडण्याचं मुख्य कारणही तेच होतं. दुसरं कारण असं, की दाखवायला माझ्याकडे एक वस्तू होती.

वस्तू माझी नव्हती. माझी मुलगी डॉक्टर व्हायला दक्षिण चीनमधल्या एका शहरात गेली होती. तिथे औषधनिर्माणशास्त्र शिकणारी एक मुलगी तिची मैत्रीण झाली. मैत्रीण तोंग समाजातली, नैऋत्येकडच्या डोंगरातल्या एका गावातली. विद्यापीठातल्या एका कार्यक्रमासाठी तिने आपलं जाकीट माझ्या मुलीला घालायला दिलं. ते तिच्या आईने तिच्या लग्नासाठी करून ठेवलेलं होतं : सूत आईने कातलेलं, कापड आईने विणलेलं, रंग आणि शिलाईही तिचीच. त्यानंतर थोड्याच दिवसांत महासाथ आली आणि मुलगी मिळेल त्या विमानाने निघाली. घाईने उपसलेल्या कपाटातलं सगळं बॅगेत गेलं, त्यात ते जाकीटही होतं. नाशिकला पोचल्यावर ते सापडलं. मैत्रीण म्हणाली, राहू दे, लागेल तेव्हा मागेन.

लागण्याची वेळ आता आली होती. मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं. मधल्या काळात तिची आई वारली होती, आणि आईचे स्वतःचे कपडे त्यांच्या रीतीप्रमाणे आईबरोबर पुरले गेले होते. आईच्या हातचं एवढं एकच जाकीट उरलं होतं, आणि ते आमच्या लोखंडी कपाटात होतं. इथल्या द्वारका चौकात दिव्यांच्या माळांचं दुकान असलेला एक व्यापारी माल आणायला वरचेवर चीनला जातो. तो ते घेऊन जायला आणि तिथून पुढे टपालाने पाठवायला तयार झाला. तो गुरुवारी निघणार होता. व्याख्यान आधीच्या शनिवारी होतं.

मुलगी आता इथल्याच एका रुग्णालयात नोकरी करते. जाकीट व्याख्यानात दाखवू का, असं मी विचारलं तेव्हा ती ड्यूटीवर निघाली होती.

“दाखवा,” ती म्हणाली. “फक्त त्याला काही करू नका.”

‘काही’ हा शब्द मी डेस्कवर असताना नेहमी खोडायचो. काही लोक, काही ठिकाणी, काही कारणास्तव. वार्ताहराला नेमकं माहीत नसलं की तो ‘काही’ लिहितो, असं माझं मत होतं. त्यामुळे या सूचनेत नेमकी कशाला बंदी आहे, हे मी मुलीला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. ती सूचना अपुरी आहे एवढं मनात नोंदवलं, आणि त्याचं समाधान मानलं.

जाकिटाचं वर्णन करायला हवं. लांबून ते काळं दिसायचं. जवळ आणलं की भरताच्या ताज्या वांग्याच्या सालीसारखी जांभळी चमक दिसायची, आणि उजेडात हलवलं की त्या चमकेत तांब्याची झाक यायची. कापड सुती होतं, पण हात लावला की जाड कागदासारखं करकरायचं. कॉलर नव्हती, मानेमागे एक पट्टी होती, आणि बाह्यांच्या टोकांना व खालच्या काठाला बारीक रेशमी भरतकाम. वास ओल्या राखेचा, थोडा आंबूस. आमच्या घरात या वासाबद्दल एकमत होतं. माझी बायको ते आपल्या साड्यांपासून दोन खण दूर ठेवायची.

व्याख्यानाची तयारी मी तीन आठवडे केली. अठ्ठावीस चित्रं जमवली. चीनमध्ये हान बहुसंख्य आहेत आणि त्यांच्याखेरीज पंचावन्न समाजांना सरकारी मान्यता आहे, इथून सुरुवात केली. मग मिआओ बायकांचे शिंगांसारखे चांदीचे मुकुट, यी बायकांचे घेरदार झगे, एक बाही खांद्यावरून उतरवून कमरेला गुंडाळलेले तिबेटी अंगरखे, ताय बायकांची अंगासरशी लुंगी. ‘मिआओ’ म्हटल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी मांजरासारखा आवाज काढला. सरासरी वय सत्तर असलेल्या सभेत हे अपेक्षित नव्हतं. मी त्या दिशेला पाहिलं नाही.

शेवटी जाकीट काढलं आणि हे मिआओ जाकीट आहे, असं सांगितलं. ते तोंग जाकीट होतं. माझ्या टिपणात ‘तोंग’ असंच लिहिलेलं होतं. पण मिआओंवर माझ्याकडे नऊ चित्रं होती आणि तोंगांवर एक, आणि बोलताना माणूस जिकडे मजकूर जास्त असतो तिकडे झुकतो. मी अनेक वार्ताहरांना या चुकीसाठी उभं केलेलं आहे.

व्याख्यानानंतर चहा होता. लोक जाकिटाभोवती जमले. हात लावू नये असं मी म्हणालो, पण आपल्याकडे कापड डोळ्यांनी बघत नाहीत. बायकांनी काठ उलटून टाके पाहिले, बाही चिमटीत धरून पोत पाहिला. पाच मिनिटांत बऱ्याच जणांची बोटं निळी झाली. त्या निळ्या बोटांनी बिस्किटं खाल्ली गेली. अध्यक्षांच्या पांढऱ्या झब्ब्यावर, बरोबर खिशावर, दोन ठसे उमटले. ते म्हणाले, चिनी मालाचं हे असंच असतं. लोक हसले, मीही हसलो. ते जाकीट कोणाच्या आईने किती महिने खपून केलं, हे तेव्हा मला माहीत होतं.

एका माजी गृहविज्ञान शिक्षिकेने माझी बाजू घेतली. त्या म्हणाल्या, “रंग कच्चा आहे, एवढंच. मिठाच्या पाण्यात घाला, बसेल.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात, आणि मला माहीत असलेल्या प्रत्येक घरात, नवीन सुती कपडा पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजतो. लुगडी, परकर, खादीचे झब्बे, पोरांचे गणवेश, सगळं. लहानपणापासून न्हाणीघरातल्या बादलीत असं पाणी पाहिलेलं असतं. तो उपाय आहे की नाही, अशी शंका कोणी घेत नाही. मीही घेतली नाही. उलट मला वाटलं, नवरी हे जाकीट लग्नात घालणार, दिवसभर घालणार. तिचे हात, मान निळे होतील. पाठवण्याआधी रंग पक्का करून दिला तर मैत्रिणीवर उपकारच होईल. मुलीलाही सुखद धक्का बसेल. ‘सुखद धक्का’ हा शब्दही मी डेस्कवर खोडायचो.

तरी मी शिस्त सोडली नाही. वृत्तपत्रात एक नियम असतो : एका सूत्रावर बातमी छापू नये. दुसरं, स्वतंत्र सूत्र शोधावं. रविवारी सकाळी मी मेनरोडवरच्या एका ओळखीच्या कापड दुकानदाराला फोन लावला. विचारलं, सुती कापड आहे, गडद निळं, रंग जातोय, काय करावं? तो म्हणाला, “मिठाचं पाणी. तुरटी असली तर थोडी.” बातमीला दुजोरा मिळाला. कापड चीनमधलं आहे, हाताने रंगवलेलं आहे, वर चमक आहे, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. जे उत्तर हवं होतं तेवढाच प्रश्न मी विचारला. आणि ज्या एका व्यक्तीला खरं माहीत होतं ती माझ्या मुलीच्या फोनमध्ये होती, केव्हाही उत्तर देण्यासारखी. ते तिसरं सूत्र मला सुचलं नाही.

बायको शुक्रवारपासून देवळाली कॅम्पला बहिणीकडे गेली होती. मुलगी रात्रपाळी करून परस्पर एका सहकारी डॉक्टरकडे नाश्त्याला जाणार होती. घरात मी एकटा होतो. बादलीत पाणी घेतलं, मीठ टाकलं, जाकीट घातलं. पाणी लगेच निळं झालं, मग काळपट. जास्तीचा रंग निघून जातोय, असं मी समजलो. मग रविवारची वर्तमानपत्रं वाचत बसलो. पाच येतात. एका अग्रलेखात ‘चूकभूल’ शब्द चुकीचा वापरला होता, त्यावर संपादकांना पत्र लिहिलं. गॅसचा सिलिंडर आला, तो घेतला, तेव्हा बादलीची आठवण झाली.

जाकीट बाहेर काढलं तेव्हा त्याचा करकर आवाज गेला होता. ते ओल्या गोधडीसारखं जड आणि मऊ लागत होतं. वाळल्यावर येईल पूर्ववत, असं म्हणून मी गॅलरीत दोरीवर टाकलं, उन्हात. दुपारी ते वाळलं. चमक नव्हती. वांग्याच्या सालीचा रंग जाऊन शाळेच्या जुन्या गणवेशाचा निळा उरला होता, मधेमधे ढगासारखे डाग.

मुलगी आली तेव्हा मी डाग इस्त्रीने जातील का, याचा विचार करत होतो. ती हेल्मेट हातात घेऊन गॅलरीच्या दारात उभी राहिली.  रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलण्याआधी डॉक्टर उभे राहतात, तशी उभी होती. मग तिने जाकिटाची बाही हातात घेतली, बोटांत चुरली, आणि सोडून दिली.

“हे तुम्ही केलंत?”

मी मीठ, शिक्षिका, दुकानदार, दोन सूत्रं हे सगळं क्रमाने सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की ती चमक म्हणजे मळ नव्हता आणि कच्चा रंगही नव्हता. कापड निळीच्या रांजणात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात, असं कित्येक दिवस. मग जनावराच्या कातड्याचा सरस लावतात, वर अंड्याचा पांढरा बलक, आणि दगडावर ठेवून लाकडी हातोड्याने दिवसचे दिवस ठोकतात. त्याने ते आरशासारखं होतं. असं कापड कधी धूत नाहीत. हे मैत्रिणीने तिला सांगितलं होतं, तिने मला सांगितलं नव्हतं, कारण कोणी दुसऱ्याचं लग्नाचं जाकीट बादलीत घालेल असं तिला वाटलं नाही.

“मी ‘काही करू नका’ म्हणाले होते, बाबा.”

‘काही’बद्दलचं माझं मत मी या वेळी सांगितलं नाही.

संध्याकाळी बायको परतली. तिने जाकीट पाहिलं, बादली पाहिली, मिठाची बरणी पाहिली. “तीस वर्षांत स्वतःचा बनियन भिजवला नाहीत,” ती म्हणाली, “आणि सुरुवात यानं केलीत?” आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही; अंडं आणि सरस यांबद्दल मुलीने सांगितल्यावर तिने एकदा कपाटातल्या साड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली की बिचाऱ्या नवरीला आजच कळवा, उद्यावर ढकलू नका.

कळवण्याचं काम मी अंगावर घेतलं. मजकूर लिहिणं हे मला येतं. अर्ध्या तासात मी एक खुलासा तयार केला आणि मुलीला दाखवला. “सदर जाकीट रविवारी सकाळी अनवधानाने खारट पाण्याच्या संपर्कात आले. परिणामी त्याच्या पृष्ठभागावर काही बदल झाल्याचे निदर्शनास आले आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.” वृत्तपत्रात असे खुलासे आतल्या पानावर, तळाला, एक स्तंभ रुंदीत छापतात. मी आयुष्यात शेकडो लिहिले.

मुलीने वाचला. “जाकीट स्वतः चालत बादलीत गेलं का?” तिने विचारलं. मग माझ्यासमोर टेबलावर फोन उभा केला आणि मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. “आता सांगा,” ती म्हणाली. “मी भाषांतर करणार नाही. तिला इंग्रजी समजतं, हळू बोला.”

मैत्रीण पडद्यावर आली. गोल चेहऱ्याची, चष्मा लावलेली, कानाजवळ पेन्सिल खोचलेली. औषधाच्या दुकानातून नुकतीच आली असावी. तिने मला ‘अंकल’ म्हणून नमस्कार केला आणि जाकीट पाठवायची एवढी तसदी घेतल्याबद्दल आभार मानले. तेव्हा मला पहिल्यांदा असं वाटलं, की मला कोणीतरी नोकरीवरून काढून टाकावं. पण मी निवृत्त आहे.

मी सांगितलं. मी पाण्यात घातलं. मी मीठ टाकलं. तुला विचारलं नाही. इंग्रजीत ती तीन वाक्यं फार छोटी झाली.

 मग तिने जाकीट कॅमेऱ्याजवळ आणायला सांगितलं. मुलीने ते धरलं. मैत्रिणीने काठ बघायला मागितला, मग बाह्यांची टोकं, मग शिवणी. भरतकामाचा रंग पसरला नव्हता, टाके शाबूत होते. ते बघून तिने चष्मा काढला आणि पडद्याबाहेर झाली. आम्ही तिघं रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. बायको माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही.

परत आल्यावर मैत्रीण स्वतःच्या भाषेत फोनमधल्या भाषांतर यंत्राशी बोलली आणि यंत्राने ते सपाट आवाजात इंग्रजीत वाचून दाखवलं. चमक आईच्या हाताची होती, असं ते म्हणालं. शेवटच्या आजारपणाआधीच्या शरद ऋतूत आईने हे कापड ठोकलं होतं. गावात शिरताना तो आवाज ऐकू यायचा. मावशी पुन्हा चमक आणू शकते, पण ती मावशीची चमक असेल. टाके आईचे आहेत. टाके राहिलेत.

मग तिने स्वतःच्या इंग्रजीत, माझ्याकडे बघून, एक वाक्य म्हटलं. “प्लीज, अंकल, आता त्याला काही करू नका.”

या वेळी मला अर्थ स्पष्ट होता. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा अंडी घेऊन आलो. पांढऱ्या बलकाने निदान एक बाही सुधारता येईल, अशी माझी कल्पना होती; इंटरनेटवर त्याची एक चित्रफीत होती. बायकोने अंडी माझ्या हातातून घेतली आणि जाकीट स्वतःच्या पैठण्यांच्या खणात ठेवून किल्ली कमरेला खोचली. अंड्यांचं मुलीने गॅलरीतल्या शेगडीवर ऑम्लेट केलं. मलाही दिलं.

मंगळवारी मैत्रिणीचा निरोप आला. मावशीला जाकीट येण्याआधी काही गोष्टी कळायला हव्या होत्या, म्हणजे रांजण कसा तयार करायचा ते ठरवता येईल. पाणी गार होतं की गरम? किती वेळ? मीठ किती? कुठला भाग किती बुडाला? वाळवलं कुठे, उन्हात की सावलीत?

कोण, काय, कधी, कुठे, किती. पहिल्या दिवशी आलेल्या वार्ताहराला मी हेच शिकवायचो. उत्तर न आणणाऱ्याला मी परत पाठवायचो, एकदा तर भर पावसात लासलगावच्या बाजारात, कांद्याच्या भावातला एक आकडा विचारायला. आणि उन्हात वाळवलं एवढं सोडलं, तर माझ्याकडे यातल्या एकाही प्रश्नाचं नेमकं उत्तर नव्हतं. पाणी नळाचं होतं. मीठ एक मूठ होतं. वेळ वर्तमानपत्रं संपेपर्यंतचा होता.

मुलगी म्हणाली, अंदाजे सांगा. मी म्हणालो, अंदाजे चालणार नाही. या सगळ्या प्रकरणात बरोबर बोललेलं माझं हे पहिलं वाक्य होतं.

मी वेळ शोधायला घेतली. कापड दुकानदाराला केलेला फोन नऊ वाजून वीस मिनिटांनी संपला होता, ते फोनमध्ये होतं. त्यानंतर लगेच बादली भरली. सिलिंडरवाल्याला सांगायचा आकडा ज्या संदेशात आला तो अकरा बेचाळीसचा होता. म्हणजे दोन तास वीस मिनिटं, पाच मिनिटं इकडेतिकडे. पाणी गार, सकाळी टाकीतून आलेलं. वाळवलं उन्हात, दक्षिणेच्या गॅलरीत. मिठासाठी बायकोचा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेतला. डोळे मिटून बरणीतून मूठ भरली आणि वजन केलं. तीनदा केलं, तीन वेगळी वजनं आली. तिन्ही लिहून ठेवली. बायको दारात उभी राहून बघत होती. “डोळे कशाला मिटताय?” तिने विचारलं. त्या दिवशी लक्ष कुठे होतं ते आठवावं म्हणून, असं मी सांगितलं. तिला ते पटलं.

कुठला भाग बुडाला, हे राहिलं. त्यासाठी तीच बादली, तेवढंच पाणी, आणि जाकिटाऐवजी माझा जुना लोकरीचा कोट घेतला. अंगाने दोन्ही सारखेच होते. मुलगी फोनवर चित्रण करत होती, पुराव्यासाठी, असं ती म्हणाली. कोट बादलीत दाबला तर मानेचा भाग बाहेर राहिला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. बादली लहान होती. मग मला आठवलं, की रविवारीही असंच झालं होतं. मानेमागचा भाग काठावर टेकवून मी तसाच सोडला होता, थोडा भाग बाहेर राहिला तर काय बिघडतं म्हणून. कामचुकारपणा होता तो.

बायकोने किल्ली काढली. मुलीने जाकीट खिडकीपाशी नेलं आणि मानेमागची पट्टी आतून उलटली. तिथे, जेमतेम दोन बोटं रुंद, वीतभर लांब भागात, ती वांग्याच्या सालीची चमक तशीच होती. दाबलं की तेवढ्यातच करकरत होतं. मुलगी बराच वेळ तिथे अंगठा फिरवत होती. मग तिने फोटो काढला आणि पाठवला.

मी अहवाल लिहिला. एक पान, बारा मुद्दे, प्रत्येक वाक्याचा कर्ता मी. शेवटचा मुद्दा मानेच्या पट्टीचा होता. मुलीने तो इंग्रजीत केला, मैत्रिणीने तिच्या भाषेत, आणि मावशीला वाचून दाखवला.

गुरुवारी सकाळी मी द्वारकेच्या चौकात गर्दीतून वाट काढत त्या व्यापाऱ्याच्या दुकानात जाकीट पोचवलं. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळलं होतं, घडी न घालता. पाकिटावर काय लिहायचं, असं त्याने विचारलं. मी एक परिच्छेद सांगू लागलो. “काका, लय लिहू नका,” तो म्हणाला. “‘जुने कपडे’ लिहा, कस्टममधून सुटून जातं.” मी जुने कपडे असं लिहिलं.

शनिवारी संघाच्या अध्यक्षांना भेटून मी सांगितलं, की व्याख्यानात एक चूक झाली आहे; ते जाकीट मिआओ नव्हतं, तोंग होतं, पुढच्या सभेत तसं जाहीर करावं. ते म्हणाले, कशाला, कोणाच्या लक्षात नाही. झब्ब्यावरचे डाग मात्र त्यांच्या लक्षात होते. ते गेले नव्हते. मिठाच्या पाण्यात घालूनही, असं ते म्हणाले.

लग्नाचे फोटो दीड महिन्याने आले. जेवायच्या टेबलावर मुलीने फोन माझ्यापुढे ठेवला. लाकडी घराच्या पायऱ्यांवर नवरी उभी आहे, गळ्यात चांदीच्या जाड साखळ्या, शेजारी ठेंगणी, ताठ मानेची मावशी, तिचे हात मनगटापर्यंत निळे. जाकीट चमकतंय. डाव्या बाहीवर चमक थोडी कमी आहे, किंवा तिथे ऊन कमी असेल; मी खात्रीने सांगू शकत नाही. सोबत मैत्रिणीचा निरोप होता. मावशीने कापड पुन्हा रंगवलं आणि कित्येक दिवस ठोकलं. लग्नाला आलेल्या प्रत्येकाला ती बादलीची गोष्ट सांगते, आणि बारा मुद्द्यांचा कागद दाखवते. गावात माझं नाव कोणाला माहीत नाही; ‘मीठ टाकणारा म्हातारा’ एवढं पुरतं. मानेमागच्या दोन बोटं भागाला मावशीने हातोडा लावला नाही. अहवालात लिहिलं होतं म्हणून कळलं, नाहीतर तेही ठोकलं गेलं असतं, असं ती म्हणाली.

मी फोटो मोठा केला. मानेकडे नेला, पुन्हा मोठा केला, चष्मा बदलून पाहिला.

“काय शोधताय?” मुलीने विचारलं.

“ती पट्टी.”

“ती आतून आहे, बाबा,” ती म्हणाली. “ती फक्त तिच्या मानेला लागते.”